छोटा आरसी ट्रक खडकांवर चढवायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिमोटच्या (आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोल) छोट्या ट्रकला क्रॉलर, म्हणजे खडकांवर सावकाश चढणारी गाडी, बनवण्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः (खऱ्या गाडीच्या) १/२४ आणि १/१८ आकाराच्या गाड्यांची आहेत. १/१६ च्या स्वस्त गाड्यांचं गणित जिथे वेगळं आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

१. कोणत्या गाड्यांना हे सगळं लागू होतं?

अ‍ॅक्सियल एससीएक्स२४ ही १/२४ मधली सगळ्यांच्या ओळखीची गाडी. हातात मावते, टू-एस लायपोवर (दोन सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) चालते आणि पुढचा-मागचा अ‍ॅक्सल लॉक असतो, म्हणजे एका अ‍ॅक्सलवरची दोन्ही चाकं कायम एकाच वेगाने फिरतात. ट्रॅक्ससची टीआरएक्स-४एम १/१८ आकाराची आहे, २०२२ मध्ये आली, तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) १५५ मिमी. डब्ल्यूपीएलच्या सी१४, सी२४ या १/१६ गाड्या स्वस्त पडतात, पण त्यांचं सर्किट वेगळ्या जातीचं असतं (प्रश्न १९). ज्या गाडीला आख्खे अ‍ॅक्सल, लिंक (अ‍ॅक्सल चॅसिसला जोडणारे दांडे) आणि चारही चाकांना ताकद आहे, तिला पुढचं बहुतेक सगळं लागू पडतं. वेगाने पळणाऱ्या बग्गीला पडत नाही.

२. नवीन गाडी आणली. लगेच पार्ट मागवू का?

थांबा. पाच-सहा बॅटऱ्या संपेपर्यंत गाडी आहे तशीच चालवा आणि ती कुठे हरते ते बघा. चाकं जागच्या जागी फिरतात? मागे उलटते? आडवी पडते? की स्टिअरिंग दगडाला टेकलं की वळतच नाही? या चारही आजारांची औषधं वेगळी आहेत. पहिल्याच दिवशी मोटर आणि चकचकीत निळे अ‍ॅल्युमिनियमचे आर्म मागवणाऱ्याची गाडी महाग होते, चढत मात्र नाही.

३. मग बदलांचा क्रम काय ठेवू?

टायर, मग वजन, मग सर्वो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर). बहुतेकांचं काम या तिघांतच होतं. त्यानंतर मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), शॉक आणि लिंक सगळ्यात शेवटी. कारण असं की आधी टायरने दगड पकडायला हवा, मग गाडीने त्या पकडीवर उभं राहायला हवं. या दोन गोष्टी नसताना ताकद वाढवली तर चाक फक्त जास्त जोरात घसरतं.

४. हत्यारं कोणती लागतील?

१.५ मिमीचा चांगल्या पोलादाचा हेक्स ड्रायव्हर, चाकाच्या एम२ नटासाठी ४ मिमीचा पाना, बारीक चिमटा, कटर, छोटी कानस, आणि १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. ड्रायव्हरवर पैसे वाचवू नका. एम२ स्क्रूचं डोकं एकदा गोल झालं की तो काढण्यात अख्खा रविवार जातो.

धातूत जाणाऱ्या धातूच्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक लावा, तेही टाचणीच्या टोकाएवढंच. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला ते अजिबात लावायचं नाही. काही प्लास्टिकं त्याने ठिसूळ होऊन तडकतात, आणि तडा दोन दिवसांनी दिसतो तेव्हा कारण लक्षातही येत नाही.

५. टायर कसले घ्यायचे? सगळे काळेच दिसतात.

बोटाने दाबून बघा. चांगला क्रॉलर टायर कानाच्या पाळीसारखा मऊ लागतो. खेळण्यातला टायर खोडरबरासारखा घट्ट असतो आणि गुळगुळीत दगडावर सरकतो. एससीएक्स२४ ला १.० इंची रिम आणि ७ मिमीचा हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) लागतो. दुसऱ्या गाडीचे टायर मागवताना या दोन मापांची खात्री करून घ्या.

रबराइतकंच महत्त्व आतल्या फोमला आहे. फोम घट्ट असला तर टायर दगडाला लपेटत नाही, टोकावर उभा राहतो. फार मऊ असला तर गाडी आडव्या उतारावर खालच्या बाजूला लचकते आणि पडते. साधा उपाय म्हणजे मूळ फोम काढून कात्रीने त्याच्या बाहेरच्या कडेला त्रिकोणी खाचा मारणं. दर सेंटिमीटरला एक, ३ ते ४ मिमी खोल. पुढच्या चाकांना खाचा जास्त, मागच्यांना कमी. मग गाडी जमिनीवर ठेवून बाजूने बघा: टायरचा तळ किंचित चपटा दिसायला हवा, रिम दगडावर आपटेल इतका बसलेला नको.

नव्या टायरवर साच्यातला तेलकट थर असतो. भांड्यांच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासून धुवा. हे न करता ‘टायर भिकार निघाले’ म्हणणारे पुष्कळ आहेत.

६. जुने टायर रिमला चिकटवलेले आहेत. कसे काढू?

रिम धातूची असेल तर अ‍ॅसिटोनमध्ये काही तास बुडवून ठेवा, गोंद सुटतो. खिडकी उघडी ठेवा आणि गॅसच्या शेगडीपासून लांब करा. रिम प्लास्टिकची असेल तर अ‍ॅसिटोन नको, काही प्लास्टिकं त्यात चक्क विरघळतात. त्याऐवजी चाक दहा-पंधरा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा आणि गरम असतानाच जाड फडक्यात धरून टायर सोलत काढा. चहाचं भांडं यासाठी वापरू नका.

पुढच्या वेळी बीडलॉक रिम घ्या. तिच्यात टायर दोन कड्यांत स्क्रूने आवळला जातो, गोंद लागत नाही, फोम हवा तेव्हा बदलता येतो.

७. जितका मोठा टायर तितकं चांगलं ना?

अर्धं खरं. समजा ५४ मिमी व्यासाऐवजी ६३ मिमीचा टायर लावला. अ‍ॅक्सलखालची मोकळी जागा ४.५ मिमीने वाढते, आणि १/२४ मध्ये ४.५ मिमी म्हणजे बरंच. पण संपूर्ण गाडीही तितकीच वर उचलली जाते (उंचीचं नुकसान प्रश्न १० मध्ये). शिवाय ६३ भागिले ५४ म्हणजे १.१७, म्हणून मोटरवर १७ टक्के जास्त भार येतो आणि सर्वोला चाक वळवायला जास्त जोर लागतो. बॉडीला टायर घासतो तो वेगळाच. बसवल्यावर पुढचं एक चाक पूर्ण वर दाबून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा; जिथे घासेल तिथे खूण करून बॉडी कापा.

८. वजन किती वाढवायचं आणि नेमकं कुठे?

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

चढावर गाडीचं वजन आपोआप मागच्या चाकांवर सरकतं. पुढची चाकं हलकी होतात, पकड सोडतात, गाडी नाक वर करून मागे कोलमडते. म्हणून वजन पुढे हवं, आणि खाली हवं. पुढच्या अ‍ॅक्सलवर, नकलवर (पुढचं चाक जिथे वळतं तो सांधा), चाकाच्या आत. सपाटीवर एकूण वजनापैकी ५५ ते ६० टक्के पुढच्या चाकांवर यावं.

मोजायचं असं. पुढची दोन्ही चाकं वजनकाट्यावर ठेवा, मागची काट्याच्याच उंचीच्या पुस्तकावर. आकडा लिहा. मग उलटं करा. समजा पुढे १५० ग्रॅम आले, मागे १७०. एकूण ३२०, म्हणजे पुढे जेमतेम ४७ टक्के. आता ६० ग्रॅम फक्त पुढच्या अ‍ॅक्सलवर वाढवले तर पुढे २१०, एकूण ३८०, म्हणजे ५५ टक्के. एवढ्या फरकाने काल न चढणारा दगड आज चढता येतो.

पितळेचे पार्ट म्हणूनच लोकप्रिय आहेत. पितळेची घनता ८.५ च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमची २.७, साध्या प्लास्टिकची १ च्या जवळ. त्याच मापाचा पार्ट पितळेचा केला की जवळपास आठपट जड होतो. आधी पुढचे नकल, मग पुढचं डिफ कव्हर (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरवरचं झाकण), मग लागलंच तर पुढच्या रिमच्या आतली कडी. अ‍ॅल्युमिनियमचे पार्ट मजबूत असतात, पण वजनासाठी घेत असाल तर पैसे वाया.

एका वेळी २० ग्रॅम वाढवा आणि एकाच ठरलेल्या दगडावर चालवून बघा. एकदम सगळं पितळ चढवलं तर सर्वो दमतो, मोटर तापते आणि गिअरचे दात उडतात. आणि वजन घालण्याआधी वरचं काढा: छतावरचा कॅरियर, स्टेपनी, आतल्या सीटा. वरचे १५ ग्रॅम कमी करणं फुकट आहे.

९. पितळेचे पार्ट परवडत नाहीत. दुसरं काही?

टायरवाल्याकडे अलॉय व्हीलच्या बॅलन्सिंगसाठी ५ आणि १० ग्रॅमची चिकट वजनं पट्टीवर मिळतात. पट्टी कापून चाकाच्या आत, रिमच्या घेराला समान अंतरावर चिकटवा. दोन्ही चाकांत अगदी सारखं वजन घाला. अ‍ॅक्सल ट्यूबवरही लावता येतात, फक्त लिंक पूर्ण हलते ना ते तपासा. चिकटवण्याआधी जागा अल्कोहोलने पुसली नाही तर पहिल्याच चिखलात ती गळतात. शिशाची असतील तर हाताळल्यावर हात धुवा आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका.

१०. लिफ्ट किट लावून गाडी उंच केली तर जास्त चढेल का?

दिसेल छान. पडेलही जास्त.

गाडी आडवी कधी पडते याचं गणित सोपं आहे: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग आणि गुरुत्वमध्याची उंची, एवढ्या दोनच आकड्यांवर ते ठरतं. चाकांमध्ये ८० मिमी अंतर आणि गुरुत्वमध्य ४५ मिमी उंचीवर असेल तर गाडी साधारण ४२ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत टिकते. तोच मध्य १० मिमी वर गेला तर ३६ अंशांवर आडवी होते. १० मिमी खाली आणला तर ४९ अंश. म्हणजे दोन टोकांत तेरा अंशांचा फरक, आणि तो फक्त २० मिमीने पडलेला.

म्हणून उंची हवी असेल तर ती टायरमधून घ्या, शॉकमधून नको. गाडीचं पोट टेकत असेल तर आधी पोटाखालची स्किड प्लेट बघा. तिची कड कानसने तिरकी आणि गुळगुळीत केली की गाडी अडकण्याऐवजी सरकून जाते.

११. शॉक बदलायचे का? तेलाचे शॉक घेऊ?

इतक्या हलक्या गाडीत तेलाच्या शॉकचा फायदा थोडा आणि गळतीचा त्रास फार. स्प्रिंग मात्र बघा. गाडी सपाटीवर ठेवली की शॉक आपल्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश दबलेला असावा. तेवढं झालं तर खड्ड्यात चाक खाली लोंबू शकतं आणि जमीन सोडत नाही. स्प्रिंग घट्ट वाटली तर आधी शॉक उघडून आतला दांडा साफ करा, सिलिकॉन ग्रीसचा बारीक थेंब लावा. बऱ्याचदा स्प्रिंग ठीक असते, दांडाच अडकत असतो.

१२. पुढचं चाक दगडाला टेकलं की स्टिअरिंग वळत नाही. सर्वो कोणता आणि कसा बसवू?

छोट्या गाड्यांचा हा हमखास कमकुवत दुवा. पितळ चढवल्यावर तर मूळ सर्वो हात टेकतोच. ईमॅक्स ईएस०८एमए टू हा धातूच्या गिअरचा सर्वो या कामाला पुष्कळ जण वापरतात: वजन १२ ग्रॅम, ताकद ४.८ व्होल्टला १.६ आणि ६ व्होल्टला २ किलो-सेंमी. एससीएक्स२४ च्या मूळ जागेत तो बसत नाही, त्यासाठी वेगळा माउंट लागतो. दोन्ही एकदमच मागवा.

बसवताना क्रम चुकवू नका. सर्वो आधी फक्त वायरने जोडा, हॉर्न (सर्वोच्या दांड्यावर बसणारी भोकांची पट्टी) लावू नका. रिमोट चालू करा, स्टिअरिंग ट्रिम (चाकं सरळ करायचं बारीक बटण) शून्यावर आणा, मग गाडी चालू करा. सर्वो ‘झिक्’ करून मध्यावर येतो. आता चाकं हाताने सरळ धरा आणि हॉर्न स्टिअरिंगच्या लिंकशी काटकोनात येईल असा दाबून बसवा. दात नेमके जुळत नसतील तर जवळच्या दातावर बसवून उरलेला फरक ट्रिमने काढा. सर्वोसोबत आलेलाच हॉर्न वापरा. दात मोजून जुळत नसलेला हॉर्न रेटून बसवला तर आतून गुळगुळीत होतो.

लिंक हॉर्नच्या कुठल्या भोकात लावायची तेही महत्त्वाचं. १.६ किलो-सेंमीचा सर्वो १० मिमीवरच्या भोकातून १.६ किलोचा जोर देतो, ८ मिमीवरून २ किलोचा. आतलं भोक म्हणजे ताकद जास्त, वळण कमी. आधी आतलं भोक लावून बघा आणि चाकं पूर्ण वळत नसतील तरच एक भोक बाहेर जा.

शेवटचं काम बरेच जण विसरतात. स्टिअरिंग पूर्ण फिरवून कान लावा. सर्वो टोकाला गुणगुणत राहिला तर तो गाडीशी कुस्ती खेळतोय असं समजा. रिमोटवरचा स्टिअरिंग रेट (चाकं किती वळावीत ते ठरवणारं बटण) थोडा थोडा कमी करत गुणगुण थांबेपर्यंत आणा. हे केलं नाही तर सर्वो जळतो, आणि दोष कंपनीला जातो.

१३. नवा सर्वो लावल्यापासून गाडी मधेच एक सेकंद मरते, दिवे लुकलुकतात. सर्किट गेलं का?

बहुधा नाही. अडकलेला सर्वो मोकळ्या सर्वोपेक्षा कितीतरी पट करंट ओढतो. सर्किटमधून सर्वोला मिळणारा पुरवठा तेवढा नसला की व्होल्टेज कोसळतं आणि रिसीव्हर (रिमोटचे संदेश घेणारा भाग) पुन्हा सुरू होतो. खात्री अशी करा: चाकं हवेत धरून स्टिअरिंग फिरवा, काही होणार नाही. मग चाक हाताने घट्ट धरून फिरवा. तेव्हाच गाडी मेली तर निदान पक्कं.

उपाय सोपे ते अवघड असे: बॅटरी पूर्ण चार्ज करून बघा, प्रश्न १२ मधला स्टिअरिंग रेट तपासा, तरीही होत असेल तर सर्वोला छोट्या स्वतंत्र बीईसीवरून (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणाऱ्या सर्किटवरून) पुरवठा द्या. बीईसीची लाल वायर थेट सर्वोला जाते, आणि रिसीव्हरकडून येणारी लाल वायर सर्वोपासून तोडावी लागते, नाहीतर दोन पुरवठे एकमेकांशी भांडतात. काळी वायर मात्र सगळ्यांची एकत्रच राहायला हवी.

१४. मोटरवर ‘८८ टी’, ‘५० टी’ लिहिलेलं असतं. कोणती घेऊ?

टी म्हणजे आतल्या तारेचे वेढे. वेढे जास्त असले की मोटर हळू फिरते, करंट कमी ओढते आणि रांगताना हातात राहते. वेढे कमी असले की वेग जास्त. एससीएक्स२४ ची मूळ मोटर ८८ टी आहे आणि दगडांवर ती पुरते. चढावर ताकद कमी पडते असं वाटलं तर मोटरऐवजी आधी पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) बदला: ११ दातांऐवजी ९ दातांचा लावला तर वेग १८ टक्के उतरतो आणि जोर साधारण २२ टक्के वाढतो.

मोटर तापते का ते बोट लावून बघा. तीन सेकंद बोट ठेवता येत नसेल तर गिअरिंग चुकलंय, किंवा काहीतरी घासतंय.

१५. पिनियन बदलल्यावर कर्रर्र आवाज येतो.

दोन गिअरमधलं अंतर चुकलं. वहीच्या कागदाची बारीक पट्टी दोन गिअरच्या दातांमध्ये घाला, मोटर त्यावर हलकेच दाबा, स्क्रू आवळा आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांची नागमोडी घडी उमटायला हवी, पण ती कुठे फाटलेली नको. फाटली तर अंतर फार कमी, घडीच पडली नाही तर फार जास्त. शेवटी स्पर गिअर (पिनियनने फिरणारा मोठा गिअर) हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. एकाच जागी घट्ट लागला तर गिअरच वाकडा आहे.

१६. ब्रशलेस (आत ब्रश नसलेली) मोटर घेऊ का?

अगदी मुंगीच्या पावलाने चालवायची आवड असेल तर हो, मजा वेगळीच. पण ईएससी, मोटर आणि बहुधा रिमोटही बदलावा लागतो, कारण मूळ सर्किटमध्ये ईएससी आणि रिसीव्हर एकाच पट्टीवर असतात आणि एका कंपनीचा रिमोट दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरला सहसा ओळखत नाही. रिमोट आणि रिसीव्हर जोडीनेच घ्या.

१७. मोठी बॅटरी, किंवा थ्री-एस, लावता येईल?

थ्री-एस नाही. टू-एस पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ व्होल्ट देते, थ्री-एस १२.६. फक्त टू-एससाठी बनवलेलं सर्किट त्यात धूर सोडतं.

जास्त एमएएचची (जास्त क्षमतेची) टू-एस चालते, जागा आणि वजन सांभाळलं तर. ३५० एमएएच बॅटरी आणि सरासरी अर्धा अँपिअर वापर धरला तर ४२ मिनिटांचा हिशोब बसतो. दुप्पट क्षमतेची बॅटरी जवळपास दुप्पट वजनाची येते. ती शक्य तितकी खाली आणि पुढे बसवा, म्हणजे वजनाचंही काम करते.

एक गोष्ट मात्र लाल अक्षरांत लिहून ठेवा. छोट्या जेएसटी कनेक्टरच्या बॅटऱ्यांत लाल-काळी वायर कुठल्या बाजूला असावी याचा सगळ्या कंपन्यांना मिळून एक नियम नाही. कनेक्टर आरामात बसतो आणि वायरी उलट्या असतात. जोडण्याआधी लालसमोर लाल आहे ना ते डोळ्यांनी बघा. उलटी जोडलेली बॅटरी सर्किट क्षणात मारते.

१८. लायपो चार्ज कशी करू, आणि फुगली तर?

बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) वापरा, करंट क्षमतेइतका ठेवा: ३५० एमएएचला ०.३५ अँपिअर. चालवून गरम झालेली बॅटरी थंड झाल्यावरच लावा. एक सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरीचं आयुष्य कमी होतं, म्हणून बॅलन्स वायरला लावायचा छोटा अलार्म घ्या आणि तो ३.५ वर ठेवा. आठवडाभर चालवणार नसाल तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवून द्या, पूर्ण भरून नको.

चार्ज होताना बॅटरी मातीच्या रिकाम्या कुंडीत ठेवा आणि घराबाहेर जाऊ नका. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, टोचायची नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

१९. माझ्या १/१६ गाडीच्या सर्वोला पाच वायरी आहेत. बाजारातला सर्वो जोडता येईल?

थेट नाही. नेहमीच्या सर्वोला तीन वायरी असतात आणि त्याचा मेंदू सर्वोच्या आत असतो. पाच वायरींच्या सर्वोत फक्त मोटर आणि स्थिती सांगणारा पोटेन्शिओमीटर असतो. मेंदू गाडीच्या सर्किटवर. म्हणून सर्वो बदलायचा तर रिसीव्हर, ईएससी आणि रिमोटही बदलायचा. खर्च दिसायला मोठा वाटतो, पण अशा गाडीत तोच सगळ्यात उपयोगी खर्च आहे.

२०. पावसात, ओढ्यात चालवता येते?

ब्रशची मोटर पाण्यात फिरते, तिचं आयुष्य कमी होतं एवढंच. धोका सर्किट आणि सर्वोला. सर्किट उघडून, स्विच आणि कनेक्टर कागदी टेपने झाकून, कन्फॉर्मल कोटिंगचे (सर्किटवर लावायच्या पाणीरोधक लेपाचे) दोन पातळ थर द्या, मधे पूर्ण सुकू द्या. कनेक्टरच्या तोंडाला डायइलेक्ट्रिक ग्रीस. सर्वोच्या झाकणाच्या फटीला आणि वायर बाहेर येते तिथे सिलिकॉन लावा. एवढं करूनही गाडी पाणबुडी होत नाही. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत ठेवा.

घरी आल्यावर बॅटरी काढा, चाकं काढून हलवा, कारण फोमने पाणी प्यायलेलं असतं. मोटरमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून सुकू द्या, मगच बेअरिंगला आणि मोटरच्या टोकांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. ओलं तसंच ठेवलं तर चार दिवसांत बेअरिंग खरखरते.

२१. सह्याद्रीतला खडक, कोकणातला जांभा, काळी माती... सगळीकडे एकच सेटिंग चालेल?

नाही चालत. सह्याद्रीतला बेसॉल्ट खरखरीत असतो, कोरडा असताना मऊ टायर त्याला घट्ट धरतो. ओलं शेवाळ आलं की मात्र कोणतंच रबर चालत नाही. जांभ्यावर पकड छान, पण त्याचे बारीक खडे ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यात आणि उघड्या गिअरमध्ये शिरतात, म्हणून प्रत्येक फेरीनंतर ब्रश मारा. काळ्या मातीत बारीक नक्षीचा टायर दहा फुटांत गुळगुळीत लाडू होतो. तिथे उंच आणि विरळ दात हवेत, म्हणजे फिरताना चिखल झडतो, आणि वजनही थोडं कमीच बरं.

समुद्रकिनारा शक्यतो टाळा. खारं पाणी लागलंच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा आणि प्रश्न २० प्रमाणे सुकवा. किल्ल्यांच्या तटबंदीवर आणि कोरीव पायऱ्यांवर चालवू नका. चढायला दगड हवा असेल तर ओढ्यात हवे तेवढे पडलेत.

२२. जोर दिला की गाडी एका बाजूला झुकते आणि एक चाक उचलतं.

याला टॉर्क ट्विस्ट म्हणतात. ड्राइव्हशाफ्ट एका दिशेने पिळतो, तेव्हा चॅसिस उलट दिशेला वळायला बघते. थोडं झुकणं प्रत्येक गाडीत असतं. फार असेल तर जी बाजू खाली बसते तिथल्या शॉकची स्प्रिंग किंचित घट्ट करा, १ मिमीचा स्पेसर पुरतो. लिफ्ट लावलेल्या गाडीत हे हमखास वाढतं, कारण शाफ्टचा कोन तीव्र होतो. तसं असेल तर स्पेसर शोधण्याऐवजी लिफ्ट काढा.

२३. ओव्हरड्राइव्ह गिअर म्हणजे काय? लावू का?

पुढची चाकं मागच्यांपेक्षा काही टक्के जास्त वेगाने फिरवणारे गिअर. चढताना पुढची चाकं गाडीला ओढून ताणून ठेवतात, वळणही लहान होतं. पण सिमेंटवर किंवा फरशीवर गाडी सतत स्वतःशीच झगडते, टायर आणि गिअर झिजतात. फक्त दगडांवर चालवत असाल आणि टायर-वजन जमलेलं असेल तरच.

२४. पुढे भरपूर वजन घातलं, चढते मस्त. पण उतरताना पुढे कोलांटी खाते. आता?

हा प्रश्न ८ चा अपवाद. पुढचं वजन चढाला मदत करतं आणि उताराला नडतं, कारण उतारावर भार पुढेच सरकतो. आधी वजन किती उंचीवर आहे ते बघा. बॉडीत, बंपरवर किंवा विंचमध्ये असेल तर तेवढंच वजन चाकात किंवा अ‍ॅक्सलवर न्या. बऱ्याच गाड्यांची कोलांटी तिथेच थांबते. मग टक्केवारी मोजा. ६० च्या वर असेल तर पुढचं काढू नका, मागच्या अ‍ॅक्सलवर १०-१५ ग्रॅम घाला.

तरीही पडत असेल तर पुढच्या शॉकची स्प्रिंग एक पायरी घट्ट करा, म्हणजे नाक कमी बसतं. आणि ब्रेक तपासा. थ्रॉटल सोडल्यावर ड्रॅग ब्रेक एकदम पकडत असेल तर गाडी त्या झटक्यानेच उलटते. ईएससीत तो कमी करता येत असेल तर करा. येत नसेल तर उतरताना थ्रॉटल पूर्ण सोडू नका, चाकं जेमतेम फिरत राहतील इतकाच धरून ठेवा.